बी.एस्सी. (अपिअर)

माझ्यासाठी केमिस्ट्रीचे सर शोधायचं काम बाबांनी ड्युटीवर असताना, तिकिटं फाडता फाडता केलं. ते एसटीत कंडक्टर होते आणि त्या वर्षी शहापूर-मुरबाड गाडीवर होते. गाडीत चढेल त्याला आधी "कुठं?" विचारायचं, सुटे पैसे मागायचे आणि तिकीट हातात देताना विचारायचं, "केमिस्ट्री शिकवणारं कोण हाय का वळखीचं?" कोंबड्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाईलाही त्यांनी हे विचारलं होतं. मी स्वतः त्याच गाडीत, पुढच्या सीटवर, मान खाली घालून बसले होते. अख्ख्या रूटला माझा निकाल कळला होता.

निकाल असा होता की एफवायला जनरल केमिस्ट्रीत मला केटी लागली होती. केटी म्हणजे नापासच, फक्त पुढच्या वर्गात बसायची मुभा असलेला. दुसऱ्या वर्षाला बसता येतं, पण ती सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. बाबांनी मला ओटीवर बसवून सांगितलं होतं, "ऑक्टोबरला सुटली तर पुढं शीक. नाय सुटली तर मामा बोललाय तिथं जा." मामाने मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगसाठी माझ्याकरता शब्द टाकून ठेवला होता. बाबा हे रागाने बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी हळू बोलले, माझ्या मागच्या दोन भावांकडे बघत. तेव्हा भांडायलाही जागा उरली नाही.

दहावीपर्यंत मी मराठीतून शिकलेली. आम्ल, आम्लारी, संयुजा यांच्याशी माझं बरं चाललं होतं. मग अकरावीपासून सगळं इंग्रजीत सुरू झालं आणि मी पाठांतरावर बारावी काढली. कॉलेजात पाठांतर संपलं. शहापूरच्या त्या मोठ्या वर्गात आमचे प्राध्यापक काही वाईट शिकवायचे नाहीत, पण त्यांची गाडी फास्ट होती आणि मी आधीच्याच स्टॉपवर उभी होते.

बाबांच्या शोधाला पहिलं यश आलं ते मुरबाडमध्ये. एका प्रवाशाने छातीठोकपणे सांगितलं, "केमिस्ट पायजे ना? स्टँडच्या समोरच हाय की." बाबांनी गाडी लागल्या लागल्या मला तिकडे नेलं. ते औषधांचं दुकान होतं. वर पाटी होती, केमिस्ट अँड ड्रगिस्ट. बाबांनी काउंटरवर हात जोडून, "मुलीची केमिस्ट्री कच्ची हाय," असं सांगितलं. दुकानदार भला माणूस. तो हसला नाही. त्याने मला टॉनिकची बाटली दाखवली. मी जी तिथून निघाले ती थेट गाडीत जाऊन बसले आणि आमचं शेणवे येईपर्यंत बाबांशी बोलले नाही.

दुसरं यश म्हणजे एक लग्नपत्रिका. मुरबाडच्या अलीकडच्या एका पाड्यावरचे म्हातारे रोजचे प्रवासी होते. त्यांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका बाबांना गाडीतच दिली. आमच्याकडे पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावापुढे शिक्षण छापतात. तिथे छापलं होतं, बी.एस्सी. (अपिअर). बाबांनी विचारलं, कशात? म्हातारे म्हणाले, "त्यो काय, केमिस्टी."

त्या संध्याकाळी बाबा पत्रिका नाचवतच घरी आले. "बीएस्सी झालेले पुष्कळ असतात," ते आईला म्हणाले. "ह्यो बीएस्सी अपिअर हाय." अपिअर ही बीएस्सीच्या वरची, कंसात लिहावी लागते इतकी खास पदवी असणार, अशी त्यांची खात्री झाली होती. मी तोंड उघडलं. अपिअर म्हणजे परीक्षेला बसलेला, आणि लग्नाच्या वयापर्यंत जो बसलेलाच आहे तो पास झालेला नाही, हे मला माहीत होतं. पण आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. नंतर चुलीपाशी ती म्हणाली, "आधी शिकवतोय कसा ते बघ. मग सांग काय सांगायचा तो."

सर पहिल्यांदा आले ते रविवारी, बाबांच्याच गाडीने. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते लॅबमध्ये हेल्पर होते, नमुने आणायचे आणि काचेची भांडी धुवायची. सडपातळ, तिशीला आलेले, शर्टाच्या बाहीला ॲसिडची बारीक भोकं. दारात चपला काढल्या आणि आईकडे पाणी मागून गटागटा प्यायले. आमच्या वस्तीत येणारी बाहेरची माणसं "आत्ताच घेतला" म्हणून पाणी टाळायची. हे मागून प्याले. आईचं मत त्या घोटातच पक्कं झालं. माझं अजून व्हायचं होतं. मी मनात म्हणत होते, स्वतः बुडलेला मला काय पोहायला शिकवणार.

त्यांनी विचारलं, "मोल म्हणजे काय?"

मी इंग्रजीतली व्याख्या घडाघडा म्हटली. ते म्हणाले, "हे पुस्तकाने सांगितलं. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे केमिस्ट्रीत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी चिडून खरं ते सांगितलं. मोल म्हटलं की मला मोलमजुरीच आठवते, किंमत आठवते, आणि मग गणितात वजन कुठून येतं ते कळत नाही. मला वाटलं आता हसतील. सर मात्र एकदम सरसावून बसले. त्यांनी खुंटीवरची बाबांची तिकिटांची पेटी मागितली. पेटीला हात लावायची आम्हा पोरांची कधी छाती झाली नव्हती. बाबांनी ती स्वतःच्या हाताने उतरवून दिली.

सरांनी दोन कोऱ्या गड्ड्या काढल्या, एक स्वस्त तिकिटांची, एक महागाची. "या गड्डीत किती तिकिटं?"

"शंभर," बाबा म्हणाले.

"आणि हिच्यात?"

"शंभरच. कुठलीबी गड्डी शंभराची."

"दोन्ही गड्ड्यांची किंमत सारखी?"

"कशी व्हईल?"

सर माझ्याकडे वळले. "मोल म्हणजे किंमत नाही, मोल म्हणजे गड्डी. गड्डीत नग तेवढेच. कार्बनची गड्डी घेतलीस तर वजन वेगळं, ऑक्सिजनची घेतलीस तर वेगळं. आता गणित सोडव."

मी सोडवलं. आलं. मी दुसरं सोडवलं, तेही आलं. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी उगाच पेन शोधायला आत गेले. बाहेर बाबा म्हणत होते, "म्हंजे मी इतकी वर्षं केमिस्ट्रीच करतोय म्हणा की." सर मोठ्याने हसले. त्या दिवसापासून माझंही मत पक्कं झालं.

रविवारमागून रविवार ते येत राहिले. सेकंड शिफ्ट असली की सकाळी, नाईट असली की झोप सोडून दुपारी. फी विचारली की म्हणायचे, सुटल्यावर बघू. ते वयाने कितीतरी लहान असूनही बाबा त्यांना "सर, तुमी" करत. गाडीत त्यांच्यासाठी कंडक्टरशेजारची सीट राखून ठेवत आणि कुणी बसू पाहिलं तर, "ती सरांची," असं सांगून उठवत. तिकीट मात्र फाडत. त्यात सरही सुटले नाहीत आणि मीही.

गणेशोत्सव उलटला आणि भात पोटरीला आलं, तेव्हाची गोष्ट. पौर्णिमेची वंदना होती. सर शिकवायला आले तर घराला कडी, म्हणून ते आम्हाला शोधत विहारापाशी आले. वंदना संपून लोक बाहेर उभे होते. बाबांना अशी संधी कुठली सोडवते! त्यांनी सरांचा हात धरून सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "हे आमच्या पोरीचे सर. बीएस्सी अपिअर." माझ्या चुलत्यांनी विचारलं, "अपिअर म्हंजे काय रं?" बाबा म्हणाले, "बीएस्सीच्या वरचा. एमएस्सीच्या जरा अलीकडं."

मला वाटलं सर गप्प बसतील. गप्प बसले असते तर काहीच बिघडत नव्हतं. सरांचा चेहरा पडला, त्यांनी हात सोडवून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, अपिअर म्हणजे नापास. माझा तिसऱ्या वर्षाचा एक पेपर राहिलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. सर तसेच वळून रस्त्याला लागले. बाबा, चप्पल एका पायात असतानाच, त्यांच्या मागे निघाले. मी त्यांच्या मागे.

सर फाट्यावर गाडीची वाट बघत होते. बाबांनी आधी मला विचारलं, "तुला ठावा होता?"

"हो."

"मंग बोलली का नायस?"

"मला मोल कळला म्हणून," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही, आणि दुसरं काही कारण नव्हतंही.

मग बाबा सरांकडे वळले. सरांनी सगळं सांगितलं. एकदा नापास झाले. पुढच्या वर्षी फॉर्म भरला, पण कॉलेजच्या गेटपर्यंत जाऊन परत आले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पेपर येतो, घरी बसून पूर्ण लिहिता येतो, पण गेटपाशी आलं की पाय मागे वळतात. पदवी नाही म्हणून कंपनीत भांडी धुतात, नाहीतर केमिस्ट म्हणून घ्यायला साहेब तयार आहे. "तुम्ही दुसरे सर बघा," ते म्हणाले. "हिची परीक्षा जवळ आली."

मला इतका राग आला की मी मध्येच बोलले. "दुसरे कुठले? औषधाच्या दुकानातले?"

बाबांनी मला गप्प केलं नाही. त्यांनी सरांना विचारलं, "यंदाचा फॉर्म?"

"भरलाय. दर वर्षी भरतो."

"झाला तर मंग," बाबा म्हणाले. "पुढल्या रविवारी या."

ते आले. उरलेल्या रविवारी आम्ही दोघं ओटीवर समोरासमोर बसून लिहायचो, मी माझे प्रश्न आणि सर त्यांचे, आणि आई मधूनच दोघांना सारखंच ओरडायची, "मान वर करा, च्या निवतोय."

सरांचा पेपर आणि माझा पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच कॉलेजात आले. बाबांनी रजा टाकली. शहापूरला आम्ही तिघं उतरलो. गेटपाशी मी वळून पाहिलं तर ते रस्त्याच्या पलीकडे उभे होते आणि बाबा त्यांच्याकडे चालले होते. मला थांबता येत नव्हतं. घंटा होत होती आणि माझं तिसरं वर्ष आत टेबलावर ठेवलेलं होतं. मी गेले. पहिला प्रश्न मोलचाच होता. मी लिहीत होते आणि मध्येच मनात येत होतं, गेले असतील का आत?

बाहेर आले तर बाबा चिंचेखाली एकटेच बसले होते.

"सर?"

"आत," बाबा म्हणाले. "गेटाशी बोलला, काका, जरा पान खाऊन येतो. मी बोललो चला, मी बी खातो. पान खाल्लं नि हात धरून आणला. वर्गाच्या दारापर्यंत. शिपाई मला आत सोडीना, नायतर बाकावर नेऊन बसवला असता."

आम्ही बसून राहिलो. पोरं बाहेर पडत गेली, व्हरांडा रिकामा झाला, शिपाई दारं ओढायला लागला. सगळ्यांच्या शेवटी सर आले. बोटं शाईने निळी, शर्ट पाठीला चिकटलेला. बाबा उठून पुढे गेले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना 'सर' म्हणाले नाहीत.

"सगळा लिव्हलास का रं, पोरा?"

सरांनी मान हलवली. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं स्टँडकडे चालू लागले. बाबा एकेक प्रश्न विचारत होते, काय आला होता, काय लिव्हलास, जणू त्यांना सगळं कळत होतं. मी दोघांच्या पिशव्या घेऊन मागून.

मी पास झाले आणि तिसऱ्या वर्षाला गेले. सरांचा निकाल लागायला वेळ लागला, पण लागला, आणि ते कंपनीत केमिस्ट झाले. मामाने टाकलेला शब्द त्याने परत घेतला. मी मात्र एक गोष्ट मनात धरून ठेवली होती. नोकरीला लागल्यावर एकदा जेवताना बाबांना सुनावलंच. त्या दिवशी माझा पेपर कसा गेला हे तुम्ही विचारलंच नाहीत. माझं अख्खं शिक्षण टांगणीला लागलं होतं आणि तुम्ही पुढे, मी पिशव्या घेऊन मागे.

बाबांनी घास चावून संपवला.

"तुला सर होते गो," ते म्हणाले. "त्याला कोण होता?"