कप्तान कुसाबाईंच्या वर्णनाबाबत

निकम भाऊसाहेबांनी मंगळावर कांद्याची चाळ उभी केली, ती सकाळच्या दुसऱ्या चहाच्या आत. पृथ्वीवर बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी बांधायला त्यांना सहा महिने लागले होते आणि ती शेवटी त्यांच्या बायकोनं, कुसाबाईंनीच, स्टुलावर चढून बांधली, हा मुद्दा वेगळा. कर्तृत्व माणसाच्या अंगात असतंच, त्याला फक्त योग्य ग्रह मिळावा लागतो.

भाऊसाहेबांचं नाव रंगनाथ निकम. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आवक-जावक विभागात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली. वीज कशी तयार होते हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ती तयार झाल्याचं पत्र कोणत्या फाइलला लावायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एक्याण्णव सालच्या पत्राचा जावक क्रमांक झोपेतून उठवून विचारला तरी सांगायचे. निवृत्त झाल्यावर जेल रोडच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं त्यांनी पेपर वाचणं आणि वाचलेल्या पेपरची घडी घालणं ही दोन कामं चोख केली. मग दिवाळीला पुण्याहून आलेल्या मुलीनं, तेजस्विनीनं, त्यांच्या फोनमध्ये चित्रं काढणारं एआय घालून दिलं. काय हवं ते लिहायचं, ते चित्र काढून देतं, एवढं सांगून ती परत गेली. आपण मागे काय पेरून चाललोय याची पोरीला कल्पना नव्हती.

आता, भाऊसाहेबांनी जन्मात एकाच पद्धतीनं लिहिलं होतं. त्यामुळे पहिली मागणी गेली ती अशी: ‘प्रति, मा. चित्रकार यंत्र. विषय: द्वारका चौकाचे सन २१२५ मधील चित्र मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की…’ खाली ‘आपला विश्वासू’ आणि पूर्ण नाव. यंत्राचं मन मोठं, त्यानं चित्र दिलं. द्वारकेवर उडत्या रिक्षा, उडते ट्रक, उडती एसटी, सगळी वाहनं हवेत एकमेकांत अडकलेली आणि मधोमध एक वाहतूक पोलीस तरंगत शिट्टी वाजवतोय. भविष्याचं इतकं पटण्यासारखं चित्र नाशकात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर त्याला एकेचाळीस अंगठे आले.

एकेचाळीस अंगठे म्हणजे थोडे नव्हेत. भाऊसाहेब त्या दिवसापासून कलाकार झाले. डोक्यावर मागच्या बाजूला जे काही केस उरले होते ते त्यांनी वाढवायला घेतले. दूध आणायला सांगितलं की आत्ता मूड आहे म्हणू लागले. एकलहऱ्याच्या चिमण्यांची त्यांनी रॉकेटं केली, गोदावरीत पाणबुड्या सोडल्या आणि मंगळावर चांदवड तालुका वसवला. त्या तालुक्यात कांदे झाडाला लागले होते, सफरचंदासारखे, चांगले लालबुंद. कुसाबाईंनी चष्मा लावून ते झाड बराच वेळ बघितलं आणि कांदा जमिनीत येतो, एवढंच सांगितलं. भाऊसाहेबांनी समजूत घातली की हे एकविसशे पंचवीस साल आहे, विज्ञान पुढे गेलेलं असणार. कुसाबाईंचं माहेर चांदवडचं, लग्नापर्यंत त्यांनी कांदाच काढला आणि कांदाच कापला, पण विज्ञानापुढे माहेराचं काय चालणार? त्या भाजी निवडायला निघून गेल्या.

कॉलनीतल्या विरंगुळा केंद्राचे चिटणीस प्रफुल्ल अहिरे यांना त्या महिन्यात काहीतरी कार्यक्रम हवाच होता. योगासनं झाली होती, मधुमेहावर व्याख्यान तीनदा झालं होतं. त्यांनी भाऊसाहेबांच्या चित्रांचं प्रदर्शन जाहीर केलं: ‘नाशिक, सन २१२५’. तारीख ठरली पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार. भाऊसाहेबांनी द्वारकेवरून साठ चित्रांचे रंगीत प्रिंट काढून आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडून कुसाबाईंना बोलावलं. कौतुक घरातूनच सुरू व्हावं, अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

कुसाबाईंनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि साठच्या साठ चित्रं एकेक करून पाहिली. मग त्या म्हणाल्या, “तुमच्या त्या सालात आमच्यासारख्या बाया मेल्या का सगळ्या?”

भाऊसाहेबांनी चित्रांवरून पुन्हा नजर फिरवली. बायका होत्या, बक्कळ होत्या. सगळ्या उंच, गोऱ्या, बाविशीच्या, अंगाला चिकटलेल्या चंदेरी कपड्यातल्या. जिथे वारा म्हणून नाही त्या चंद्रावरही त्यांचे केस उडत होते. साठी ओलांडलेली, नऊवारी राहो, साधी गोल साडी नेसलेली एकही बाई भाऊसाहेबांच्या नाशकात शिल्लक नव्हती. त्यांना थोडं चुकचुकल्यासारखं झालं. मग ते उदार झाले आणि म्हणाले की तुला यानाची कप्तानच करून टाकतो. एवढ्यावर थांबतील तर ते कलाकार कसले. त्यांनी प्रफुल्लरावांना लगेच कळवलं आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निमंत्रण फिरलं: ‘मुख्य आकर्षण: अंतराळयानाच्या कप्तान सौ. कुसाबाई निकम.’

आता यंत्राला दाखवायला फोटो हवा. भाऊसाहेब फोन घेऊन ओट्यापाशी गेले, तर कुसाबाईंनी तोंड फिरवलं.

“फोटो नाय द्यायचा,” त्या म्हणाल्या. “फोटो काय, आधार कार्डावर पण हाये. लिहून सांगा त्याला मी कशी हाये ते. पस्तीस वर्षं सायबांना पत्रं लिहिली ना, एक माझ्यावर लिहा. अन् त्यातून मीच निघाले तर हॉलवर येईन. नायतर तुमचं तुम्ही बघा.”

भाऊसाहेबांना हसू आलं. अडतीस वर्षांचा संसार, त्यात अवघड ते काय? त्यांनी पेन उघडलं, मसुदा आधी कागदावर करायची सवय होती. विषय आणि संदर्भ झरझर झाले. मग मजकुराशी पेन थांबलं. चहा आला, गार झाला. तासाभरानं कागदावर उतरलं ते असं: ‘सदर महिलेचे वय अंदाजे साठ, उंची मध्यम, बांधा मध्यम, रंग गव्हाळ, चेहरा गोल, नाक सरळ, अंगात साडी, भाषा मराठी.’

कुसाबाईंनी तो कागद उजेडात धरून वाचला. वाचून परत दिला. “मी हरवले तर पोलिसांना हेच सांगाल,” त्या म्हणाल्या. “मग सापडले म्हणायची.” आणि पोळ्या लाटायला लागल्या. भाऊसाहेब कागदाकडे बघत उभे राहिले. तो खरोखरच हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखा होता आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यात घालायला त्यांच्याकडे आणखी काही नव्हतं. त्यांना लाज वाटली. एक्याण्णव सालचा जावक क्रमांक आठवत होता आणि बायकोच्या भुवया कशा आहेत ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेबांनी बायकोचं निरीक्षण सुरू केलं. निरीक्षण म्हणजे सोफ्यावर बसून, पेपरच्या वरून. पहिल्या दिवशी कुसाबाईंनी पोट बिघडलंय का म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी ओव्याचं पाणी दिलं. पण भाऊसाहेब आवक-जावकचे मुरलेले होते, आलेली प्रत्येक गोष्ट नोंदवायची त्यांना सवय होती. डाव्या भुवईत मधेच एक फट आहे. हसताना पदराचं टोक तोंडाशी जातं, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत म्हणून. राग आला की आवाज चढत नाही, उतरतो, आणि हातात जे फडकं असेल त्याची चौकोनी घडी होते. कपाळावरचं गोंदण फिकं पडून हिरवट ठिपका राहिलाय. आणि हाताच्या पहिल्या बोटावर, पेराच्या खाली, एक लांब पांढरा व्रण आहे.

त्या व्रणाबद्दल त्यांनी विचारलं. कुसाबाईंनी पालक निवडता निवडता सांगितलं की तो विळ्याचा. बारा वर्षांच्या असताना कांद्याची पात कापताना लागला, टाके घालायला कुणाला सवड नव्हती, वडलांनी हळद दाबली आणि त्या पुन्हा वाफ्यात बसल्या. अडतीस वर्षांत हे बोट भाऊसाहेबांना चहाचा कप देत आलं होतं. कपात साखर कमी आहे हे त्यांच्या रोज लक्षात आलं होतं.

मसुदा वाढत वाढत दीड पानांचा झाला. तो यंत्राकडे रवाना झाला आणि खरी लढाई सुरू झाली. पहिल्या चित्रात यानाच्या खुर्चीत बसली होती एक बाविशीची सुंदरी, भुवया कोरलेल्या, दात एका रांगेत. भाऊसाहेबांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. यंत्रानं ताबडतोब चूक कबूल केली, क्षमा मागितली, यापुढे काळजी घेऊ म्हणालं आणि त्याच सुंदरीचे केस पांढरे करून तिला परत पाठवलं. स्मरणपत्र क्रमांक दोन. पुन्हा क्षमा, पुन्हा सुंदरी, यावेळी साडीत. कळवतो म्हणायचं आणि कळवायचं नाही, केलं म्हणायचं आणि करायचं नाही; आपल्या तोडीचा कारकून भाऊसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. एकेकाळी ते टेबलाच्या त्या बाजूला होते. या बाजूला बसणाऱ्याला काय वाटतं ते आता त्यांना समजलं आणि आवडलं नाही.

स्मरणपत्रं एकोणीस झाली. चेहरा हळूहळू म्हातारा झाला, पण गुळगुळीत म्हातारा. व्रण मात्र काही येईना. शेवटी यंत्रानं तोडगा काढला आणि कप्तानांना हातमोजे घातले. शनिवारी दुपारी भाऊसाहेबांनी ते चित्र कुसाबाईंपुढे धरलं. कुसाबाईंनी विचारलं, “ह्या कोण?” फडक्याची घडी होत होती. भाऊसाहेबांनी चित्र मागे घेतलं.

रविवारी हॉल भरला. प्रफुल्लरावांनी प्रस्तावनेत भाऊसाहेबांना द्रष्टे वगैरे म्हटलं आणि स्वतःबद्दल पंधरा मिनिटं बोलले. लोकांनी कांद्याच्या झाडापुढे उभं राहून सेल्फी काढल्या. मधल्या भिंतीवर मोठी चौकट होती, वर पाटी: ‘कप्तान सौ. कुसाबाई निकम’. चौकटीत चित्र नव्हतं. भाऊसाहेबांनी तिथे दीड पानांचं पत्र लावलं होतं, स्वतःच्या अक्षरात, विषय-संदर्भासकट. खाली लिहिलं होतं: ‘सदर चित्र यंत्राकडून प्राप्त झालेले नाही. वर्णन अवलोकनार्थ सादर.’ चित्र बघायला आलेल्यांची निराशा झाली. एकानं प्रिंटर बिघडला का म्हणून चौकशी केली. बायका मात्र वाचत थांबल्या, एक सरली की दुसरी, आणि वाचून झालं की पलीकडे उभ्या असलेल्या आपापल्या नवऱ्यांकडे बघू लागल्या. दोघातिघांनी चहाच्या टेबलाचा आसरा घेतला.

भाऊसाहेबांचं लक्ष दाराकडे होतं. चित्र झालंच नव्हतं, म्हणजे अट मोडली होती, आणि कुसाबाईंना बोलावायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. साठ चित्रांतलं एकही त्यांना आता बघवत नव्हतं. ती आली नाही तर हे सगळं उतरवून रद्दीत घालावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

साडेअकराला कुसाबाई आल्या. वाटाण्याच्या रंगाची साडी, हातात चष्म्याची डबी. त्या सरळ मधल्या भिंतीपाशी गेल्या आणि वाचू लागल्या, ओठ हलवत, एकही ओळ न सोडता. दातांच्या ओळीपाशी पदर तोंडाशी गेला. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. मग मागे वळून त्यांनी भाऊसाहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि ‘उजव्या हाताच्या बोटावर विळ्याचा व्रण’ यातलं ‘उजव्या’ खोडून वर ‘डाव्या’ लिहिलं, साहेब शेरा मारतात तसं.

“विळा उजव्या हातात असतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मग कापंल कोणता?”

भाऊसाहेबांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. महिनाभर निरीक्षण करून एवढी मोठी चूक कशी झाली ते त्यांना कळेना. त्यांनी तर स्वतःच्या डोळ्यांनी उजवीकडे पाहिला होता तो व्रण.

“समोर बसून बघितलं ना,” कुसाबाई म्हणाल्या. “समोरून उलटंच दिसतंय. अडतीस वर्षं समोरच बसलात, पेपर धरून.”

त्यांनी पेन परत खिशाला लावलं आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर जाऊन बसल्या. प्रफुल्लरावांनी सत्कारासाठी भाऊसाहेबांचं नाव दोनदा पुकारलं, शालही उघडून धरली. समोर, मंचावर, त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली होती. भाऊसाहेब तिकडे गेले नाहीत. कुसाबाईंच्या डाव्या बाजूची खुर्ची रिकामी होती, ती त्यांनी थोडी जवळ ओढली आणि तिच्यावर बसले.