थंड झाल्यावर पुन्हा एकदा

बॉनेट उघडण्याआधी ते उजव्या हाताची पालथी बाजू त्याच्यावर ठेवायचे. आई लेकराच्या कपाळाला लावते तशी. डोळे मिटायचे, आणि तेवढ्यात कोणी बोललंच तर डावा हात वर करून म्हणायचे, "थांब. ताप बघतोय."

इस्रायलमधल्या अराद गावात, वाळवंटाच्या कडेला, आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणायचं आपलं. मालक मोरोक्कोहून आलेला, मी ठाण्याहून येऊन तिथे स्टोअर सांभाळणारा, म्हणजे सुटे भाग आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांच्या चाव्या माझ्या ताब्यात, आणि ते मुख्य मेकॅनिक. तेही माझ्यासारखेच मराठी ज्यू, अर्धी हयात मुंबईच्या एका बस डेपोत गेलेली. नाव सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. सगळं गॅरेज त्यांना अंकल म्हणायचं, रशियाहून आलेला आमचा वेल्डरसुद्धा.

हिब्रूचे त्यांना जेमतेम चाळीस शब्द येत असतील, त्यातले निम्मे गाडीचे. त्यावरूनही त्यांचं डोकं फिरायचं. मागच्या ॲक्सलला इथले मेकॅनिक 'बेकॅक्स' म्हणतात. इंग्रजी 'बॅक ॲक्सल' कोणीतरी कधीतरी ऐकलं असणार. तिथवर ठीक. पण पुढच्या ॲक्सललाही ते 'पुढचा बेकॅक्स' म्हणतात. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा अंकल हातात पाना धरून उभेच राहिले. मग मला म्हणाले, "पुढचा मागचा ॲक्सल. अरे, इजिप्तमधून निघाल्यावर आपल्या लोकांना वाळवंट पार करायला चाळीस वर्षं उगाच नाही लागली."

त्यांचा एक नियम मात्र थट्टेच्या पलीकडचा होता. रेडिएटरला जोडणाऱ्या रबरी नळ्यांवर लोखंडी क्लिपा असतात. त्या अंकल दोनदा आवळायचे. एकदा बसवताना, आणि मग इंजिन चांगलं तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन, पुन्हा एकदा. रबर तापलं की बसतं आणि क्लिप सैल पडते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांदा आवळेपर्यंत गाडीची चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात. गिऱ्हाईक ओरडो, मालक ओरडो, अंकल एकच शब्द म्हणायचे, "सव्लानूत." म्हणजे धीर धरा. त्या चाळीस शब्दांतला हा त्यांचा सगळ्यात लाडका.

आता माझ्या मुलीकडे वळतो. तिचं नाव शिरा. हिब्रूत शिरा म्हणजे गाणं, पण अंकल तिला बघितलं की म्हणायचे, नाव शिरा आणि खाते चिखल. त्यात खोटं काही नव्हतं. सैन्यातली दोन वर्षं संपवून आली आणि साठवलेल्या पैशांत तिने एक जुनी पिकअप घेतली. आमच्याकडे हिवाळ्यात दोन-चार दिवस पाऊस पडतो, आणि एरवी कोरड्या असणाऱ्या वाद्या, म्हणजे वाळवंटातले ओढे, चिखलाने भरतात. त्या चिखलात गाड्या घालायच्या आणि कोण बाहेर निघतो ते बघायचं, हा तिचा आणि तिच्या दोस्तांचा खेळ. पोरीला बोलायची सोय नव्हती. मी मराठीत विचारायचो, ती हिब्रूत उत्तर द्यायची, तेही दोन शब्दांत. सैन्यातून आल्यापासून एक मराठी शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. बायको म्हणायची, मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेत होतो.

तिसऱ्यांदा तिची गाडी दोरीला बांधून गॅरेजमध्ये आली, तेव्हा अंकलनी पालथा हात ठेवला आणि लगेच उचलला. रेडिएटरच्या जाळीत चिखल भरून पार वीट झालेली. हवा जाणार कुठून? शिराने हिब्रूत सुचवलं की रेडिएटर पुढून काढून मागे, सामानाच्या हौद्यात उभा करावा. चिखल तिथवर पोचणार नाही. मी भाषांतर केलं आणि अंकलचं तोंड उघडंच राहिलं. "रेडिएटर मागे? उद्या म्हणशील माझं नाक पाठीवर लावा."

चार दिवस ते त्या गाडीजवळ फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी पावाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने काढलेलं चित्र घेऊन आले. मी चाटच पडलो. गाडीखालून पुढून मागे जाणारे दोन लोखंडी पाइप, टोकांना रबरी नळ्या, हौद्यात उंचावर उभा रेडिएटर, त्याला दोन विजेचे पंखे, आणि पाणी भरायचं झाकण सगळ्यात वर, म्हणजे आत हवा अडकायची नाही. मला म्हणाले, पोरगी वेडी आहे पण चुकीची नाही.

भांडण झालं ते एका पत्र्यावरून. ड्रायव्हरच्या पाठीमागे काच, आणि काचेमागे हातभरावर रेडिएटर. मध्ये जाड पोलादी पत्रा उभा करायचा असं अंकलनी ठरवलेलं. शिरा म्हणाली, मागचं काही दिसणार नाही. मीही तिचीच री ओढली, म्हटलं अंकल, गाडी आहे की तिजोरी? ते माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "मागे बघायला आरसे दोन आहेत. पाठ एकच आहे." आणि पत्रा लावला.

काम संपलं ते शुक्रवारी दुपारी. इंजिन तापवून बघितलं, काटा जागचा हलला नाही. अंकल लहान मुलासारखे खूश. पण दिवस हिवाळ्याचे, शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस, लवकर लागणार, आणि शुक्रवारी दुपारी ठरल्या वेळी हात धुतले की अंकल रविवारपर्यंत पान्याला शिवत नसत. शब्बाथला गाडीत बसणं नाही, लिफ्टचं बटण दाबणं नाही, चावी बाळगणं तर नाहीच. मी एवढं काटेकोर पाळत नसे. इंजिन अजून गरम. दुसरं आवळणं राहिलं. मग त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"बाप म्हणून नाही देत. स्टोअरवाला म्हणून देतोय. रविवारी. त्याआधी नाही."

मी हो म्हटलं. अगदी छातीवर हात ठेवून म्हटलं.

शनिवारी सकाळी मी सिनॅगॉगला जायला कपडे करत होतो. रात्रभर डोंगराकडे पाऊस झालेला. शिरा दारात येऊन उभी राहिली. तिचे दोस्त खाली हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही, अंकलची क्लिप राहिली आहे. ती दारातून हलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, दे ना."

मराठीत. लहानपणी कुल्फी मागायची त्याच आवाजात. काय सांगू तुम्हाला, मी गाडीची चावी दिली आणि गॅरेजच्या फाटकाचीही दिली. वर म्हटलं, सांभाळून जा. कसला स्टोअरवाला आणि कसलं काय.

सिनॅगॉगमध्ये आमच्या जागा शेजारी शेजारी होत्या. प्रार्थना मध्यावर आली तेव्हा अंकलनी पुस्तकातून डोळे न काढता हळूच विचारलं, चावी आहे ना जागेवर? मी पान उलटलं. नको तेव्हा उलटलं, बाकी सगळे मागच्याच पानावर होते. अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक मिटलं, त्याला ओठ लावले, खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि चालू प्रार्थनेतून बाहेर पडले. सगळी माणसं माना वळवून बघत राहिली. आजवर हा माणूस शेवटच्या शब्दाआधी उठला नव्हता.

मी मागे धावलो. बाहेर येऊन ते म्हणाले, "गाडी काढ."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, अंकल, शब्बाथ आहे. ते म्हणाले, "जिवाला शब्बाथ नसतो." आणि माझ्या गाडीचा दरवाजा स्वतःच्या हाताने उघडून पुढे बसले. वाटभर मी शिराला फोन लावत होतो, वादीत तो लागत नव्हता.

वादीच्या वळणावर आधी दिसली ती वाफ. पांढरी, गाडीच्या मागून वर जाणारी. मी गाडी बंद केली की नाही तेही आठवत नाही. चिखलात पडत, उठत पोचलो. शिरा बाहेर उभी होती. अंगभर चिखल, ओठ पांढरे, पण उभी होती. वरच्या नळीची क्लिप सुटली होती. सगळं उकळतं पाणी सरळ पुढे उडालं होतं आणि पत्र्यावर आपटलं होतं. पत्र्यावरचा नवा रंग पोळून सोलला होता. ज्या उंचीवर तो सोलला होता, त्याच उंचीवर पलीकडे माझ्या मुलीची मान होती. आतली सीट कोरडी ठणठणीत.

अंकल चिखल तुडवत आले. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी उजव्या हाताची पालथी बाजू शिराच्या कपाळावर ठेवली, डोळे मिटले, आणि आम्ही सगळे, तिचे ते उनाड दोस्तसुद्धा, एकदम गप्प झालो.

मग वळले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी पन्नाशीला आलेला माणूस. पोरांसमोर, मुलीसमोर. दुखलं म्हणाल तर नाही. पण ज्या हाताने त्यांनी कधी इंजिनावर हातोडी जोरात मारली नाही, त्या हाताने मारली होती. मी खाली मान घालून उभा राहिलो.

मी म्हटलं, चला अंकल, घरी सोडतो. ते नाही म्हणाले. जीव वाचला, आता शब्बाथ परत लागू झाला, गाडीत बसणार नाही. वादीला पूर येईल म्हणून तेवढे उंच काठावर चढले आणि एका दगडावर बसले, ते आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपेपर्यंत. शिराने दोस्तांना घरी पाठवून दिलं आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली. दिवसभर ते तिला डेपोतल्या गोष्टी सांगत होते आणि ती तुटक्यामुटक्या मराठीत प्रश्न विचारत होती. मी जरा लांब बसलो होतो. मला कोणी बोलावलं नाही. तिसरा तारा दिसला तसे अंकल उठले, माझ्या गाडीतला पाना मागून घेतला आणि नळी बसवून क्लिप आवळली. थंड झालंच होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या घरी मलिदा, म्हणजे आमच्या लोकांतला नवस फेडायचा विधी, झाला. गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू नबीच्या नावाचं ताट. शिरा वाचली म्हणून बायकोने मानला होता. अंकल आले, जेवले, शिराच्या डोक्यावर हात ठेवला. गॅरेजमध्येही माझ्याशी कामापुरतं नीट बोलत राहिले. पण दुसरं आवळणं राहिलेल्या गाडीची चावी पुन्हा माझ्या हातात दिली नाही. शुक्रवार आला की ती गॅरेजच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद करायचे, आणि कपाटाची चावी त्या रशियन वेल्डरकडे. मी स्टोअरवाला, गॅरेजभरच्या चाव्या माझ्याकडे, आणि त्या एका चावीसाठी वेल्डर. अशी सहा वर्षं गेली. मी त्यांना एकदाही विचारलं नाही. काय तोंडाने विचारणार?

मग एका बुधवारी, काम संपल्यावर, ते स्टोअरच्या खिडकीशी आले. जरा वाकले होते तोवर. इंजिन अजून गरम असलेल्या एका पांढऱ्या व्हॅनची चावी त्यांनी शर्टाच्या खिशातून काढली. वेल्डर तिथेच हात पुसत उभा होता. त्याला ओलांडून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"उद्या. त्याआधी नाही."

एवढंच. मी मूठ मिटली. रात्री ती चावी उशाशी घेऊन झोपलो, हसायचं तर हसा.

गुरुवारी सकाळी व्हॅनवाला आला, अंकल आले नाहीत. दहाच्या सुमाराला त्यांच्या घरून फोन आला. झोपेतच गेले होते. मालक खुर्चीत बसून रडायला लागला. व्हॅनवाल्याला काही कळेना, तो बिचारा हळू आवाजात पुन्हा पुन्हा चावी मागत होता, त्याला तेल अविवला पोचायचं होतं.

मी म्हटलं, "सव्लानूत."

अंकलचा पाना त्यांच्या खणातून काढला. व्हॅनपाशी गेलो आणि उजव्या हाताची पालथी बाजू बॉनेटवर ठेवून डोळे मिटले. पूर्ण थंड होतं. मग एकेक करून सगळ्या क्लिपा आवळल्या, आणि चावी दिली.