खाऱ्या पाण्याची लाँड्री

लाँड्रीवाल्या काकांनी लेकीशी भांडून राहत्या घरातच दुसरी लाँड्री काढली, ही बातमी पहिल्या मजल्यावरून निघाली आणि चौथ्यावर पोचेपर्यंत बापलेकीचं बोलणंही बंद झालेलं होतं. पुरावा भक्कम होता. बादल्या वर जाताना दिसल्या, मिठाचं पोतं दिसलं, दारामागून मोटरची घरघर ऐकू आली. मिठाच्या पाण्यात रंग पक्का बसतो, हे सांगणाऱ्या एक जाणकार बाईही लगेच उगवल्या.

खरी गोष्ट एवढीच, की लेकीनेच बापाला काचेची टाकी आणून दिली होती, समुद्रातले मासे पाळायला. काकांना कुठे तरी गुंतवणं भाग होतं. दुकान लेकीच्या हाती देऊन ते निवृत्त झाले खरे, पण रोज तिथे जाऊन इस्त्री झालेले शर्ट गिऱ्हाइकासमोर उलगडायचे आणि विचारायचे, "ही कॉलर म्हणायची की गोगलगाय?" एक इस्त्रीवाला याच प्रश्नाला कंटाळून गेला. दुसरा हाताचा चांगला होता, पण त्यानेही सांगून टाकलं, "ताई, एक तर मी, नाही तर बाबा."

"बाबा, तुमचा जीव या टाकीत रमला तर ठीक," लेक म्हणाली. "नाही तर दुकान तुम्हीच चालवा. मी नोकरी बघते."

काका मुकाट्याने कामाला लागले. पाण्यात खास मीठ कालवलं, खारटपणा मोजला, वाळू पसरली, वर टाकीवाल्याने दिलेले भोकाभोकांचे दगड रचले. त्या दगडांत घाण पचवणारे जिवाणू असतात. ते रुळेपर्यंत मासा सोडायचा नाही, हात घालायचा नाही, नुसतं बघायचं, असं त्याने बजावलं होतं. काका खुर्ची ओढून बघत बसले.

"अहो, माझ्याकडे कधी एवढा वेळ बघितलंत?" काकू म्हणाल्या.

"तू कुठे एवढी गप्प बसतेस?"

मग दगडांवर तपकिरी थर चढायला लागला. अगदी चहा सांडल्यासारखा. उभी हयात डाग काढण्यात घालवलेला माणूस तो. त्याच्या डोळ्यांदेखत डाग पसरत होता आणि त्याने हाताची घडी घालून बसायचं. एका दुपारी काकूंचा डोळा लागला आणि काकांनी दगड बाहेर काढले, नळाखाली धरले, कॉलरच्या ब्रशने घासघासून बगळ्यासारखे पांढरे केले.

काकांनी बाटलीत भरून नेलेलं पाणी टाकीवाल्याने तपासलं आणि कपाळाला हात लावला. "काका, दगड धुतलेत?"

"नळाच्या पाण्याने. साबण नाही हो लावला."

"उपकार झाले. जिवाणू मेले सगळे. पहिल्यापासून सुरू करा."

परतताना वाट दुकानावरूनच होती. आत लेक इस्त्रीवाल्याशी काही तरी बोलत हसत होती. बाप दारात दिसला आणि तिचं हसू मावळलं. इस्त्रीवाल्याने समोरचा शर्ट हळूच उलटा केला. गिऱ्हाइकं नाक मुरडायची, ते काकांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण पोटची पोर आपल्याला बघून धास्तावते, हे त्यांना नवीन होतं.

"सहज चाललो होतो," ते म्हणाले आणि पायरी न चढता निघून गेले.

दगड नवे आले, तसा थोड्या दिवसांनी डागही नव्याने आला. या खेपेला काकांनी ब्रश काकूंच्या हवाली केला आणि कुठे ठेवलास ते सांगू नकोस म्हणाले. डाग वाढला, रेंगाळला, आणि कोणी न घासताच फिका पडत गेला. टाकीवाल्याने पाण्याला पास केलं. नारिंगी रंगाचा एक बोटभर मासा घरी आला आणि आल्या आल्या दगडामागे दडी मारून बसला.

अशातच लेक घाईघाईत घरी आली. "बाबा, घटकाभर दुकानात येता? एका कोटाच्या बाहीवरची शाई जाता जात नाहीये. तुम्हीच या."

काकांनी काचेवरची नजर काढली नाही.

"तुझं दुकान, तुझी शाई, तुझं तू बघ. हा आत्ता कुठे नाक बाहेर काढतोय. तू जरा उजेडातून बाजूला हो."