विलासची मोजपट्टी

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. लाल पेन हातात तसंच राहिलं आणि मी ढसाढसा रडले... ते रडणं खरं होतं, हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

नगरच्या एका व्यवस्थापन महाविद्यालयात आम्ही वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. उद्योजकीय वृत्ती मोजायची कशी, हे आमचं दोघांचं वेड. नवं करणं, जोखीम घेणं, पुढाकार... यांबद्दलची विधानं छोट्या व्यावसायिकांना वाचून दाखवायची आणि समोरच्यानं स्वतःला एक ते पाच गुण द्यायचे. सोनईत वेल्डिंगचं दुकान चालवणारे बबनराव भेटले. 'मी सतत नवीन काही करून पाहतो', यावर त्यांनी स्वतःला एक गुण दिला. "आमी काय नवं करनार बाई? हाय तेच चाललंय." आणि त्यांच्या पाठीमागे, जुन्या मोटारसायकलची चेन लावून त्यांनीच बनवलेलं कांदे निवडायचं यंत्र खडखडत होतं!

परतताना एसटीत मी विलासला म्हटलं, "आपल्याकडं स्वतःची तारीफ करणं म्हणजे आगाऊपणा. आपण वृत्ती नाही, विनय मोजतोय. माणसाला विचारण्यापेक्षा त्यानं काय केलंय ते बघू या ना." तो खो खो हसला. "सुनंदा, जगानं मान्य केलेली मोजपट्टी तू सोनईत मोडणार?" मी ओशाळले. विषय सोडला, आणि हळूहळू संशोधनही सोडलं.

शोकसभेत प्राचार्यांनी विलासचा शोधनिबंध वाचून दाखवला. दिल्लीच्या एका परिषदेत तो गाजला होता म्हणे. बबनराव, चेन, यंत्र... आणि 'आपण विनय मोजतो आहोत' हे वाक्य जसंच्या तसं. नाव एकट्याचं. दिल्लीला जाताना मला मात्र तो 'भाचीचं लग्न आहे' म्हणून सांगून गेला होता! रोज माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या माणसानं केसानं गळा कापला. डोळ्यातलं पाणी तिथंच आटलं.

गेल्या आठवड्यात न राहवून सोनईला गेले. बबनरावांनी स्टूल पुसून दिलं.

"सर गेले, लई वाईट झालं. मागं दोनदा येऊन गेल्ते, समदं यंत्र बघून लिहून नेलं."

"एकटेच?"

"व्हय. मी इचारलं, बाई न्हाई आल्या? तर म्हनले, बाईंनीच पाठवलंय, ही कल्पना त्यांचीच हाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. वेल्डिंगच्या दुकानात सांगायला जमलं, शेजारच्या टेबलावर नाही...

"तुमीच पाठवलं हुतं ना बाई?" बबनरावांनी विचारलं.

मी "हो" म्हटलं. त्याच्यासाठी मी बोललेलं हे पहिलंच खोटं, आणि तेही त्यानं मेल्यावर माझ्याकडून वदवून घेतलं.