चार बारांची घड्याळं

दर सोमवारी सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान चावीकाका चार बारांत जाऊन यायचे, आणि जन्मात त्यांनी दारूच्या थेंबाला जीभ लावली नव्हती. यातली दुसरी गोष्ट सासुरवाडीला पटवून देता देता त्यांच्या नाकी नऊ आले.

काम साधं होतं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि शहरातल्या चार जुन्या बारांत भिंतीवर लंबकाची मोठी घड्याळं होती. त्यांना आठवड्याला एकदा चावी द्यावी लागे. हे काम वडिलांकडून काकांकडे आलं, आणि त्याबरोबर चावीकाका हे नावही. सकाळी बारमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या असत, फरशी ओली असे. काका स्टुलावर चढत, काच उघडत, चावीचे चौदा फेरे देत, लंबक फडक्याने पुसत आणि पुढच्या बारकडे निघत. घरी येईपर्यंत शर्टाला सांडलेल्या बिअरचा आणि शिळ्या सिगारेटींचा वास लागलेला असे. त्यातच मेहुण्याने एकदा त्यांना साडेनऊला एका बारमधून आणि अकराला तिसऱ्या बारमधून बाहेर पडताना पाहिलं, आणि मग काय विचारता.

पण काकांची खरी अडचण वासाची नव्हती. त्या कामात एक गुपित होतं. चारही घड्याळं पुढे ठेवायची होती. बार बंद करायची वेळ झाली तरी बूड हलवत नाहीत अशा गिऱ्हाइकांसाठी मालकांनी शोधलेली ही युक्ती. किती पुढे ते प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून ठरवलेलं. स्टेशनसमोरचा बार वीस मिनिटं, कारण तिथल्या लोकांची शेवटची गाडी चुकली तर त्यांच्या बायका दुसऱ्या दिवशी मालकाला बोल लावत. छापखान्याजवळचा पंधरा. आरशांचा बार बारा. तिथे घड्याळासमोरच भला मोठा आरसा होता, त्यामुळे पाठ करून बसलेल्यांना उलटी वेळ सुलटी करून वाचावी लागे, आणि दोन पेल्यांनंतर ते गणित करण्यापेक्षा घरी गेलेलं परवडे. लाल दाराचा फक्त पाच मिनिटं, कारण तो मालक भिडस्त होता.

आरशांच्या मालकाने तर काकांना काउंटरवर हात ठेवायला लावून शब्द घेतला होता. "हे बाहेर फुटलं तर संपलं. बायकोलासुद्धा सांगायचं नाही." काका तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांनी शब्द दिला आणि तोंडाला कुलूप लावलं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, माहेरची कुजबुज असह्य होऊन, एका सोमवारी बायकोने चपला घातल्या आणि म्हणाली, "आज मीही येते." आरशांच्या बारमध्ये ती काउंटरपाशी उभी राहिली. तिने भिंतीवर पाहिलं, मग स्वतःच्या मनगटावर पाहिलं.

"अहो, हे घड्याळ चुकतंय."

"जुनं आहे ते," काका स्टुलावरून म्हणाले. घड्याळजीच्या तोंडी असलं उत्तर. काकांचे कान लाल झाले. माहेरी तिने काय सांगितलं देव जाणे, पण मेहुण्याची बोलती बंद झाली. त्याच आठवड्यात काकांच्या लक्षात आलं की आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलंय. हात शिवशिवले. पण का कोण जाणे, त्यांनी ते तसंच राहू दिलं, आणि तेव्हापासून ते दुकानाला वेळेवर जाऊ लागले.

बघता बघता शब्द दिल्याला अडतीस वर्षं झाली. बार एकेक करून गेले. एकाच्या जागी औषधांचं दुकान आलं, एकाच्या जागी चपलांचं. लाल दार तेवढं राहिलं, मागे इमारतच नाही. मालकही वारले. घड्याळं कोणालाच नको होती, म्हणून काकांनी ती दुकानात आणली आणि चावी देत राहिले. पुढेच ठेवून.

मग शहराच्या संग्रहालयातल्या बाई आल्या. जुन्या बारांच्या आठवणींचं प्रदर्शन होतं. जुने फोटो, पेले, पाट्या आणि ही चार घड्याळं. काका हरखले. घड्याळं भिंतीवर लागली आणि बाई सहज म्हणाल्या, "काका, सगळी बरोबर लावून द्या हं. नाहीतर लोकांना वाटेल बिघडलीत."

इथे घोडं अडलं. बरोबर लावणं दोन मिनिटांचं काम होतं. पण मग भिंतीवर कुठलीही चार घड्याळं उरली असती, त्या बारांची नाही. आणि तशीच ठेवायची तर कारण सांगावं लागणार, म्हणजे शब्द मोडावा लागणार. "लावतो, लावतो," म्हणत काकांनी चार दिवस काढले. जेवण जाईना. बायकोने दोनदा विचारलं, त्यांनी ब्र काढला नाही.

उद्घाटनाच्या दुपारी जुनी गिऱ्हाइकं आली; सगळे पांढऱ्या केसांचे, काहींच्या हातात काठ्या. काकाही बायकोला घेऊन आले होते. बाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काका, अजून चुकीचीच?"

काकांनी देवाघरी गेलेल्या मालकांना मनातल्या मनात हात जोडले आणि चारचौघांत सांगून टाकलं. वीस, पंधरा, बारा, पाच. शेवटी ते पिणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला इतकी वर्षं फसवलं. माफ करा."

तेवढ्यात भूगोलाचे निवृत्त मास्तर, आरशांच्या बारचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक, खो खो हसू लागले, आणि सगळी मंडळी हसली.

"अहो काका," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "आमच्याही मनगटाला घड्याळं होती की."

हे काकांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी ते बार फक्त सकाळी, रिकाम्या खुर्च्यांसकट पाहिले होते.

"मग तुम्ही उठायचात कशाला?" त्यांनी विचारलं.

"मालक चांगला माणूस होता हो. रोजच्या माणसांना 'आता जा' म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. घड्याळ म्हणायचं, आम्ही उठायचो. आणि पुढे ठेवलेलं घड्याळ काय बारमध्येच असतं? तुमच्या घरचं घड्याळ बरोबर आहे का?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. "दहा मिनिटं पुढे आहे," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं."

"तुम्हाला माहीत होतं?" बायको म्हणाली.

"घड्याळजी आहे मी."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर तू ते बरोबर केलं असतंस," काका म्हणाले, "आणि मग रोज सकाळी मला हाका मारत बसली असतीस." अडतीस वर्षांचं ओझं असं हसण्यावारी उतरेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

बाईंनी घड्याळं तशीच ठेवली. खाली चिठ्ठ्या लावायचं ठरलं, कुठला बार आणि किती मिनिटं.

दालन पाचला बंद व्हायचं होतं. स्टेशनच्या घड्याळाने पाचचे ठोके दिले तेव्हा पाचला वीस कमी होते. कोणी हललं नाही. छापखान्याचं वाजलं, मग आरशांचं. "अजून अवकाश आहे," मास्तर म्हणाले आणि गप्पा चालू राहिल्या. दाराशी पहारेकरी चाव्यांचा जुडगा घेऊन चुळबुळत होता. एवढ्या म्हाताऱ्या माणसांना बाहेर कसं काढावं, हे त्याला कळत नव्हतं.

मग लाल दाराचं घड्याळ वाजलं. मास्तरांनी काठी उचलली. सगळे एकेक करून उठले, आणि सर्वांत आधी दाराशी पोहोचले ते चावीकाका.