ढुंढिराजकाकांची तिसरी मुदत

काशीत ढुंढिराज हे आधी गणपतीचं नाव, मग माणसाचं. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत मात्र ते दोघांचं मिळून होतं. ढुंढिराजकाका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले आणि इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचे अध्यक्ष झाले. पुढे काकू गेल्या, तेव्हापासून तर ते पद म्हणजेच त्यांचं घरदार. वर्षभर गुडघे धरून जिना उतरणारा हा माणूस भाद्रपद लागला की दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायचा.

आता या अनंत चतुर्दशीला काकांची दुसरी मुदत संपत होती. मंडळाच्या घटनेत लिहिलेलं होतं की एका माणसानं सलग दोनच मुदती अध्यक्ष राहावं. ही घटना काकांच्या तरुणपणी चौघांनी घाटाच्या पायऱ्यांवर थंडाई पीत पीत तयार केली होती. चौघांपैकी तिघं मणिकर्णिकेला केव्हाच पोचले. उरलेले चौथे घटनाकार म्हणजे स्वतः काका.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी सभा भरली. खजिनदार वेणीमाधव पान तोंडात ठेवूनच उभा राहिला. बनारसी साड्यांचं दुकान असल्यामुळे समोरच्याला गिऱ्हाईक समजून बोलायची त्याला सवय.

"मी म्हणतो, हा नियम काढून टाका. देशाच्या पंतप्रधानाला मुदतीची अट नाही, मग आपल्याच गणपतीला कशाला?"

"देशात खाली ओढायला माणसं पुष्कळ आहेत, वेणीदादा," मालविका म्हणाली. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची, आणि अध्यक्षपदासाठी पुढचं नाव तिचंच होतं. "शिवाय अट गणपतीला नाहीये. तो दरवर्षी दहा दिवसांत जातोच."

सभा हसली. काकाही हसले. या पोरीला त्यांनीच 'सुखकर्ता'ची चाल शिकवली होती.

"अरे, पण घटनाकारांचा हेतू काय होता?" वेणीमाधवनं मुख्य तागा उलगडला. "तेव्हाचे अध्यक्ष काशीनाथपंत खुर्ची सोडत नव्हते, म्हणून हा नियम आला. वाईट माणसाला रोखायला. आपले काका का वाईट आहेत? घटनाकार समोर बसलेत, त्यांनाच विचारा ना!"

सगळ्या माना काकांकडे वळल्या. इतकी सोपी तिसरी मुदत काशीत कुणाला मिळाली नसेल. 'हो, तसंच होतं,' एवढं म्हटलं की झालं. काशीनाथपंत काही वरून हरकत घ्यायला येणार नव्हते. काकांनी तोंड उघडलं, घसा खाकरला आणि वेळ काढायला म्हणून सहज विचारलं, "ते राहू दे. उद्याच्या सहस्रावर्तनाला ब्रह्मवृंद कोण कोण येतंय?"

"ते काका सांगतील ना!" मागून कुणी तरी म्हणालं.

"आणि उत्सवाच्या समया कुठे ठेवल्यात?"

"काकांनाच ठाऊक."

हेच वाक्य काकांनी पूर्वी ऐकलं होतं. फक्त त्यात काकांच्या जागी पंत होते.

काशीनाथपंतांसारखा अध्यक्ष पुन्हा झाला नाही. पहाटे गंगेत बुडी मारून ओलेत्यानं यायचे, आणि दूर्वा निवडण्यापासून नावाड्याशी भांडण्यापर्यंत सगळं एकटे करायचे. गल्लीला काही करावंच लागत नसे. मग एका वर्षी ऐन चतुर्थीला पंत तापानं फणफणले. भटजी कोण, पाट कुठे, मूर्ती कुठून आणायची, कुणाला पत्ता नाही. दुपार कलली तरी गणपती कारागिराकडेच उपाशी, आणि सगळी मराठी काशी पंतांच्या खाटेभोवती, "पंत, सांगा ना!" म्हणत. ताप उतरल्यावर पंतांनीच या चार पोरांना घाटावर बोलावलं. म्हणाले, "गाढवांनो, मला घालवायचा काही तरी नियम करा. मी आपण होऊन काही जायचा नाही."

"वेणू, पंत वाईट नव्हते रे," काका म्हणाले. "वाईट माणसाला तुम्ही दुसऱ्या वर्षीच हाकलला असता. नियम चांगल्यासाठीच करावा लागला. त्याच्या सावलीला सगळे झोपतात."

"म्हणजे काका, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध…"

"तू पान थुंकून ये आधी. ठराव नामंजूर."

मोठेपणा केला खरा, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

विसर्जनाची इथली जुनी रीत अशी, की मावळत्या अध्यक्षानं मूर्ती पाण्यात सोडायची आणि रिकामा ओला पाट नव्याच्या डोक्यावर ठेवायचा. पूर्वी हे गंगेच्या मध्यावर नावेत व्हायचं. पंतांच्या आवाजातला 'मोरया' पल्याडच्या रेतीला लागून परत यायचा. हल्ली मूर्तीला गंगेत मनाई, सगळं कुंडात. आवाज कुठे जात नाही आणि येतही नाही.

काकांनी मूर्ती सोडली आणि पाट उचलला. मालविका पदर खोचून समोर वाकली. पाट तिच्या डोक्यावर टेकला, पण काकांचे हात काही सुटेनात. पाणी तिच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "छोड़िए ना अब. मान अवघडली."

काकांनी हात सोडले.

घाटावर परतल्यावर सगळे मालविकेच्या मागं वर गेले. काका मात्र खालच्या पायरीवर बसले. ही पंतांची जागा. पद गेल्यावर पंत मरेपर्यंत इथंच बसून नव्या अध्यक्षांच्या चुका काढत. तेव्हा काका म्हणायचे, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. आता पाहिलं तर पायरी बसून बसून चांगली गुळगुळीत झालेली होती.

वर आरती सुरू झाली. काकांनी कान दिला.

"घाई करते पोरगी," ते शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाले, आणि पाय पसरून नीट बसले.