धाकट्याच्या हाती चेंडू

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. साताऱ्याकडे माझी पिठाची गिरणी होती. दिवसभर दळणं टाकायची आणि संध्याकाळी घरात पाऊल ठेवलं की बायको ओरडायची, "आधी भुवया झाडा!" पीठ कधी येऊन बसलं ते कळायचंच नाही. सिंगापूरला मुलाकडे राहायला आलो तेव्हापासून या पोरांचे किस्से माझ्यावर असेच बसत गेलेत. आज थोडे झाडतो.

पोरं म्हणजे तिघं. एक माझा सुहास. दुसरा मिलिंद, जुरोंग ईस्टला एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात आहे. तिसरा केदार, तुआसच्या कारखान्यात मशिनरी सांभाळतो. तिघंही अमेरिकेत एकाच कॉलेजात शिकले. कॉलेज सुटलं, अमेरिका सुटली, पण त्या कॉलेजची फुटबॉल टीम काही सुटली नाही!

मी पहिल्यांदा त्यांच्यात बसलो तेव्हा सरळ विचारलं, "फुटबॉल म्हणता आणि हातानं का खेळता?"

मिलिंदला समजावून सांगायची फार हौस. त्यानं टेबलावर वाट्या मांडल्या, चमचे मांडले, मधे एक लिंबू ठेवलं. ही आपली रांग, ही त्यांची रांग, इथून इथपर्यंत दहा यार्ड. अर्धा तास चाललं. शेवटी घाम पुसत म्हणाला, "आलं लक्षात, अण्णा?"

मी म्हटलं, "सगळं आलं. फक्त पायाचं काय झालं?"

*

एवढं मात्र मला पक्कं समजलं, की चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा एक गडी असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो चुकला की बाकीचे कितीही धावोत, उपयोग शून्य. आमच्या टीमच्या मुख्य क्वार्टरबॅकला मी थोरला म्हणायचो. आणि त्याला काही झालं तर उतरायचं म्हणून जो बाकावर बसून असायचा, त्या बदलीच्या गड्याला धाकटा. त्यांची खरी नावं माझ्या कवळीला झेपत नाहीत.

तिथला शनिवार म्हणजे इथली रविवारची पहाट. पहाटे उठणार कोण? म्हणून सुहास लॅपटॉपवर मॅच साठवून ठेवायचा, आणि सकाळी नऊ वाजता बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटवर सगळे पोह्यांसकट टीव्हीवर बघायचे. नियम एकच. मॅच संपेपर्यंत निकाल कोणी बघायचा नाही. मॅच बघायला दारात आला की प्रत्येकानं फोन बंद करून रिकाम्या राइस कुकरमध्ये टाकायचा.

एका रविवारी मिलिंद आला तो गप्प. पोहे घेतले, गप्प. चहा घेतला, गप्प.

केदारनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुला माहितीय!"

"मला काही माहिती नाही."

"खरं सांग!"

"अरे, एलआरटीच्या ट्रेनमध्ये एक गोरा भेटला. आपल्या टीमची टोपी घातलेला. तो माझ्या टी-शर्टकडे बघून नुसता हसला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही!"

"मग तू कशाला गप्प आहेस?"

"माझ्या तोंडावरून तुम्हाला कळू नये म्हणून!"

झालं! त्या दिवशी मिलिंदनं सगळी मॅच डोक्यावरून पंचा घेऊन बघितली. माझ्या सुनेनं, मीनलनं, पोह्यांची दुसरी बशीसुद्धा पंच्याखालून आत सरकवली.

*

मग तो रविवार आला. थोरल्याच्या खांद्याला मार बसला. दोघांनी धरून त्याला बाहेर नेलं आणि डॉक्टर म्हणाले, आता हा सीझनभर नाही.

धाकटा हेल्मेट चढवत मैदानात आला.

केदार म्हणाला, "संपलं. सुहास, बंद कर."

सुहास म्हणाला, "का? त्याला सगळे डाव पाठ आहेत. दोन वर्षं टीममध्ये आहे तो."

"दोन वर्षं बाकावर आहे. पाठ असणं वेगळं आणि अंगावर माणसं धावून येत असताना आठवणं वेगळं."

"त्याला चान्स तर दे!"

"अरे, तो चांगला असता तर बाकावर कशाला बसला असता?"

मिलिंदनं दोघांच्या मधे हात घातला. "माझा त्याच्यावर साठ टक्के विश्वास आहे."

"उरलेले चाळीस कुठे गेले?"

"ते मी सेफ्टीला ठेवलेत!" मिलिंद बँकेतला माणूस.

धाकट्यानं ती मॅच कशीबशी राखली. तरी केदार घरी जाताना लिफ्टपाशी म्हणालाच, "बॅकअप तो बॅकअपच."

*

केदार असा का बोलतो ते मला त्याच आठवड्यात कळलं. त्याची बायको प्राजक्ता संध्याकाळी आमच्या ब्लॉकखाली भेटली. माझ्याबरोबर हळूहळू चालत म्हणाली, "अण्णा, तुम्हीच बोला ना केदारशी."

"काय झालं गं?"

"त्याच्या साहेबांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. सहा महिने येणार नाहीत. कंपनी म्हणते, तोवर तू सांभाळ. वर्षाची मोठी दुरुस्ती तोंडावर आलीय, सगळा कारखाना बंद ठेवून करतात ती. सात वर्षं हा त्या खुर्चीकडे बघत होता. आणि आता खुर्ची समोर आली तर म्हणतो, मी दोन नंबरचा माणूस आहे!"

"नाही म्हणाला तर?"

"बाहेरून कोणाला तरी आणून याच्या डोक्यावर बसवतील. तो काय सहा महिन्यांनी जाणार आहे थोडाच? पुन्हा आयुष्यभर हा दोन नंबरला."

"सांगायचं कधीपर्यंत?"

"त्यांनी महिन्याची मुदत दिलीय."

मी केदारशी बोललो नाही. गिरणी चालू असताना पट्ट्याला हात लावायचा नाही, एवढं एकच शास्त्र मला येतं.

*

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, केदारचा एक ठरलेला स्टॉल होता. चिकन राइसचा. तो चालवणाऱ्या चिनी अंकलचं तो मला नेहमी कौतुक सांगायचा, "अण्णा, भात शिजवावा तर यानंच. दुसऱ्याच्या हाताला ही चव नाही."

मी आपला समोर चहा घेऊन बसायचो.

त्या शनिवारी तिघांचा पुन्हा धाकट्यावरून वाद पेटला. केदार टेबलावर बोट आपटून सांगत होता, "माणूस बदलला की सगळं बदलतं. तुम्हाला दिसत नाही, मला लगेच कळतं!" बोलता बोलता ताट चाटून पुसून साफ.

थाळी उचलायला स्टॉलवरची आंटी आली. केदारनं तिला विचारलं, "अंकल कुठे दिसत नाहीत?"

ती म्हणाली, "अंकल हॉस्पिटल. थ्री वीक्स ऑलरेडी."

"मग भात कोण करतं?"

"आय कूक लाह! यू एव्हरी वीक ईट, एव्हरी वीक से सो नाइस!"

सुहास आणि मिलिंद एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. केदारनं रिकाम्या थाळीकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "आलं थोडं जास्त झालंय."

*

शिकलेली पोरं, पण मॅचच्या वेळी काय काय करतील सांगता येत नाही. धाकट्याची पुढची मॅच लागली तेव्हा सुहासनं टीव्हीसमोर पाटावर नारळ ठेवला. धाकट्यानं पहिलाच चेंडू थेट समोरच्या टीमच्या हातात फेकला!

केदार उठला. "नारळ चुकीचा ठेवलाय! शेंडी कुठे केलीय बघ."

"शेंडी देवाकडे करतात," सुहास म्हणाला.

"मग इथे देव कोण? टीव्ही की आपण?"

यावर दहा मिनिटं चर्चा. मॅच थांबवून! शेवटी शेंडी टीव्हीकडे करायचं ठरलं. केदारनं स्वतः नारळ फिरवला. आणि काय सांगू, पुढच्याच फेकीला धाकट्यानं चेंडू असा लांब टाकला की आमचा गडी तो झेलून थेट रेषेपार! मिलिंदनं मला मिठी मारली. माझा चष्मा सोफ्याखाली.

मग फर्मान निघालं. सीझन संपेपर्यंत हा नारळ इथून हलवायचा नाही. कचरा काढताना पाटाभोवतीनं काढायचा.

पुढच्या रविवारी आमची टीम पुन्हा जिंकली, तीही दणक्यात. केदारनं वाकून नारळाला नमस्कार केला. "बघितलंत? हे सगळं याचं. त्या पोराचं यात काही नाही."

मीनल कढई पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "कोणाचं? त्या पहिल्या नारळाचं? त्याची मी बुधवारीच आमटी केली."

"मग हा कोण?"

"हा बॅकअप!"

*

आमच्या शेजारी एक चिनी म्हातारेबुवा राहायचे. माझ्याच वयाचे. त्यांना मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, आणि इंग्रजीत दोघंही सारखेच. एका रविवारी आरडाओरडा ऐकून ते दारात येऊन उभे राहिले. कोणाला लॉटरी लागली की काय, असं त्यांनी हातवारे करून विचारलं. मी त्यांना आत घेतलं, शेजारी बसवलं, पोहे दिले.

दोघं बघत बसलो. पळतात, पडतात, उठतात, घोळका करून कुजबुजतात. शेजारीबुवांनी मला खुणेनं विचारलं, हे सारखे थांबतात का? मी खुणेनंच सांगितलं, मलाही माहीत नाही. त्यानंतर आमची चांगली गट्टी जमली.

तेवढ्यात एक उंच पोरगा चेंडू पोटाशी धरून असा सुसाट सुटला, चौघांना चुकवत, की आम्ही दोघांनी उठून टाळ्या वाजवल्या.

हॉलमध्ये सगळे आमच्याकडे बघायला लागले. मिलिंद कळवळून म्हणाला, "अण्णा, तो त्यांचा आहे!"

मी म्हटलं, "असू दे रे. कुणीतरी त्याच्यासाठीही एवढ्या लांब बसून ओरडत असेल."

*

आता शेवटचा किस्सा सांगतो आणि पोरांना जेवायला बसवतो.

सीझनची शेवटची मॅच. समोर हाडवैरी कॉलेज. आणि तोच केदारच्या मुदतीचा शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत जाऊन हो की नाही ते सांगायचं होतं. सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडातून काढायचं नाही असं आपोआप ठरलं होतं. प्राजक्ता सकाळीच आली आणि मीनलबरोबर स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला बसली. एक पुरी गोल होईना.

मॅच अशी झाली, की बोलायची सोय नाही. धाकट्यानं एकदा चेंडू घालवला. मग एकदा खाली पाडला गेला, तो बराच वेळ उठलाच नाही. केदार पुढे सरकून सरकून सोफ्याच्या कडेला आला होता. तो आज काहीच बोलत नव्हता. संपलं नाही, बंद कर नाही, काही नाही. एकदा फक्त हळूच म्हणाला, "ऊठ रे."

धाकटा उठला.

शेवटी आम्ही चार पॉइंटनी मागे. घड्याळात एकाच डावापुरता वेळ. रेषा समोर दिसतेय. चेंडू पलीकडे पोचला तर जिंकलो, नाहीतर सगळं संपलं. धाकट्यानं आपले गडी भोवती गोळा केले आणि त्यांना काहीतरी सांगायला लागला.

"थांबव!" केदार म्हणाला.

सुहासनं बटण दाबलं. पडद्यावर धाकटा तोंड उघडं ठेवून थांबला.

केदार उठून स्वयंपाकघरात गेला. "प्राजक्ता, तुझा फोन दे."

हॉलमध्ये एकच गदारोळ. "ए, स्कोअर बघू नकोस! चीटिंग आहे! पंचा आणा रे!"

केदारनं लक्ष दिलं नाही. साहेबांचा नंबर त्याला पाठ होता. पिठाच्या हातांची प्राजक्ता त्याच्याकडे बघत उभी राहिली. आम्हाला हॉलमधून फक्त त्याचाच आवाज ऐकू येत होता.

"सर, केदार बोलतोय... सॉरी, रविवारचा त्रास दिला. पाठ कशी आहे?... नाही सर, उद्यापर्यंत नाही थांबत. मी घेतो. हो, दुरुस्तीसकट. सहाच्या सहा महिने... येस, सर. शुअर."

त्यानं फोन प्राजक्ताच्या हातात दिला. बाहेर आला आणि आपल्या जागेवर बसला.

मिलिंदला राहवेना. "अरे बाबा, दोन मिनिटं थांबायचंस की! हा जिंकला असता, मग मस्त जोरात फोन केला असतास!"

"आणि हरला असता तर?"



केदारनं उशी मांडीवर घेतली. म्हणाला, "म्हणून आधी केला. लाव आता."